सोडलेली जुडी

१४ नोव्हेंबर, रविवार

प्रिय बारक्या,

तू, तुझी बायको आणि सगळ्यांवर भुंकणारी तुमची ती कुत्री, तिघंही बरी असाल असं धरून चालते. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढते. चार वर्षांनी ताईला एकदम उमाळा कसा आला, असं म्हणशील. उमाळा वगैरे काही नाही. तुझ्याकडे काम आहे.

ॲम्प्लिफायर पुरा झाला. तोच, माझ्या निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांसमोर लावला होता तो. तेव्हाही मी ‘पुरा झाला’ असंच म्हणाले होते, हे तुला आठवत असेलच. नको त्या गोष्टी तुला बरोब्बर आठवतात.

गेले सहा आठवडे त्यालाच भिडले आहे. समोरची पट्टी नवी कापली. आवाजाचं बटण शून्यावर असताना जरा कलायचं, आता ताठ उभं राहतं. भोकांच्या कडा कानशीने इतक्या घासल्या की बोट फिरवलं तरी टोचत नाही. खाली रबराचे चार पाय बसवले. पण खरं काम आतलं. आतलं वायरिंग मी उसवलं. नीट वाच, सगळं उसवलं.

एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं मी टेलिफोनच्या वायरी बांधल्या. शंभर असोत की हजार, सगळ्या एका जुडीत, मेणाच्या दोऱ्याने बोटभर अंतरावर एकेक गाठ. सुटी लोंबणारी वायर दिसली की माझं डोकं फिरायचं. ॲम्प्लिफायरमध्येही मी तेच केलं. ट्रान्सफॉर्मरची वीज नेणाऱ्या वायरी आणि गाणं आत आणणारी नाजूक वायर, सगळ्यांना एकत्र घट्ट बांधून टाकलं. दिसायला देखणं काम! पण विजेची घरघर शेजारच्या नाजूक वायरीत उतरते आणि गाण्याबरोबर मोठी होऊन स्पीकरमधून बाहेर पडते. कुठल्याही पुस्तकात हे पहिल्या दहा पानांत लिहिलेलं असतं. मी ती पानं न वाचताच उलटली होती. मला वायरिंग कोण शिकवणार!

त्या दिवशी खोलीत माझ्याबरोबर काम केलेली अकरा माणसं होती. आत वाकून वाकून बघत होती, वाहवा करत होती. तू मात्र स्पीकरपाशी गेलास, गॅरेजमध्ये इंजिनापाशी उभा राहतोस तशी मान वाकडी करून उभा राहिलास आणि म्हणालास, “ताई, घुमतंय गं हे. ही जुडी सोड.”

“तुझे कान वाजतायत,” मी म्हणाले. “ग्रीसचे हात घेऊन मला वायरिंग शिकवायला आलास?”

अकराच्या अकरा जण हसले. तू हातातला ग्लास खाली ठेवलास, चपला घातल्यास आणि गेलास. मला वाटलं, येईल आपसूक दोन दिवसांनी.

खरं सांगते, मला काहीही ऐकू आलं नव्हतं. मी खोटं बोलले नाही. पण गाडीचा नुसता आवाज ऐकून तिचं दुखणं सांगणारा माणूस काहीतरी सांगतोय, तर निदान कान देऊन ऐकायचं होतं. मी तुझा पाणउतारा केला.

सप्टेंबरच्या शेवटी खालच्या शिवणकामवाल्या बाई वर आल्या. म्हणाल्या, “अहो, तुमचा फ्रिज आठवडाभर म्हशीसारखा हंबरतोय, झोप नाही आम्हाला.” मी फ्रिजसमोरच उभी होते. मला तो मुका वाटत होता. दुसऱ्या दिवशी कान तपासायला गेले. तिथल्या मुलीने कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि आवाज आला की दाबा म्हणाली. बारीक आवाजांना मी पटापट दाबलं, मग नुसती अंगठा सरसावून बसले. बराच वेळ झाला तेव्हा विचारलं, “मशीन बंद का केलं?” ती म्हणाली, “आजी, गेली चार मिनिटं चालूच आहे.”

वरचे, बारीक आवाज मला येतात. खालचे, घोगरे आवाज गेलेत, दोन्ही कानांचे. हे बरीच वर्षं होत असणार, असं ती म्हणाली. मी रिक्षात बसले आणि कानांचा विचार मनात यायच्या आधी तुझा आला.

घरी येऊन जुडी सोडली. एकेक गाठ कापताना जिवावर आलं. आता विजेच्या वायरी जोडीजोडीने पीळ देऊन डाव्या कडेने नेल्यात. गाण्याची वायर उजवीकडून, आखूड, जाळीच्या आवरणाची. दोनदा मनासारखं जमलं नाही, दोन्ही वेळा उपटून पुन्हा केलं. ती वायर एकटीच जाताना बघून हात शिवशिवतात, पण दोऱ्याला हात लावला नाही. घरघर मोजायला लावलेल्या मीटरचा काटा जवळजवळ हलत नाही. शिवणकामवाल्या बाईंनी ऐकलं, “छान आहे हो” म्हणाल्या. त्या माझ्या चहालाही छान म्हणतात.

बारक्या, एक गोष्ट टाळत टाळत इथवर आले. त्या दिवसानंतर तू तीनदा फोन केलास. तुझा नंबर बघून मी उचलला, हॅलो हॅलो केलं आणि ठेवून दिला. नुसती फुसफुस ऐकू यायची. मला वाटलं, फोन लावून कुणाशी तरी हसतोयस. तू बोलत होतास रे, तुझ्या त्या घोगऱ्या आवाजात. काय बोलत होतास, ते मला अजून माहीत नाही.

कानाचं यंत्र मागवलंय. त्याने माणसांचं बोलणं कळेल, पण अशी घरघर पकडता येईलच असं नाही, असं ती मुलगी म्हणाली. तेव्हा यायला तुलाच हवं. झाकणाचे चार स्क्रू वाटीत काढून ठेवलेत. तू ऐकून ‘लाव’ म्हणालास तर लावीन. घुमतंय म्हणालास तर तुझ्यादेखत पुन्हा उसवीन, लागेल तितक्या वेळा. मला बरं वाटावं म्हणून खोटं मात्र बोलू नकोस.

आणि फोन करू नकोस. ये. खिडकीकडे तोंड करून बस. उजेडात ओठ दिसले की तुझं सगळं कळेल मला. त्या तीन फोनांवर जे बोललास, ते आधी बोल.

तेव्हा न ऐकणारी,
तुझी ताई