शेपूट आमच्या बाजूला व्हतं

३ फेब्रुवारी १९६९, सोमवार

ही डायरी लेकानं भोरवरनं आनली. त्याच्या हापिसात फुकट मिळाली. रातीच्या वर्गात अक्षरं शिकून दोन वर्सं झाली तरी म्या नुस्ती एसटीची पाटी वाचती, म्हनून म्हनला, आई, रोज काय घडलं ते लिवत जा. आमच्या पासली गावात रोज काय घडतंय, कोंबडं आरवतंय. पर आज घडलं.

जीप आली. पुण्याच्या डॉक्टरीनबाई, सौदामिनीबाई नाव, आन् दोन मानसं. रानातल्या वानरांचं रक्त तपासनार. वानरांच्या अंगावरची गोचीड मानसाला चावली की कसला तरी ताप येतो म्हनं, वानरं बी मरत्यात त्यानं. तो ताप आपल्याकडं हाये का न्हाई ते बघायचं. म्हनून आदी वानराचं रक्त, मंग वानराच्या शेजाऱ्याचं.

शेजारी म्हनजे आमी.

शाळेतली खुर्ची मांडली, सुई काडली, आन् बाईंनी इचारलं, पहिलं कोन येतंय. समदं गाव आपापल्या पायाकडं बघाया लागलं. म्या पोटमाळ्यावर व्हते. लपले न्हवते. कोंबडी तितं अंडी घालती का ते बघत व्हते. लई वेळ बघितलं. तवर हिकडं फुलीनं हात पुढं केला.

फुली म्हनजे फुलाबाई, माझी धाकटी जाऊ. एकाच आढ्याखाली दोघींची घरं, मधी भिंत. तिला खुर्चीत बसवली. बिस्कुटाचा पुडा दिला. बाई म्हनाल्या, काय धीट आहात हो तुम्ही.

घरातलं पहिलं कुकू माझं, पहिली पोळी माझी, कारन म्या थोरली. तर पहिलं रक्त बी माझंच पायजे व्हतं. कुनी हाक मारली असती तर अंडी टाकून आले असते.

४ फेब्रुवारी

फुलीनं हाताचा कापूस काडला न्हाई. हंडा दुसऱ्या हातानं उचलती. पान्यावर समद्या बाया तिच्याभोवती. मला म्हनाली, अक्का, अंडी किती घावली?

म्या जळत न्हाई. माझा सभावच न्हाई तसा.

फकस्त एवढंच की सुट्टीत भोरची नात येनार, कमळी. तिला गोष्टी लागत्यात. आता ही वानराच्या डॉक्टरची गोष्ट कुनी सांगायची? फुलीनं? माझ्या नातीला? ठरवलं. कमळी यायच्या आत या गोष्टीत आपन पायजे, आन् मधोमध पायजे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दिलं रक्त. फुलीला एकदाच टोचलं. मला तीनदा. बाई म्हनाल्या, आजी, तुमची शीर सापडत नाही. म्हनजे माझं रक्त खोल हाये. वरवरचं कुनाचंबी निघतंय.

बिस्कुटं संपली व्हती. गुळाचा खडा दिला. असू दे.

मंग बाईंनी इचारलं, गावात वानरं कुनाच्या घरावर जास्त येत्यात, तितं पिंजरा लावायचा. समदी म्हनाली, फुलाबाईच्या. तिच्या बाजूला उंबर हाये, त्यावरनं उतरत्यात. म्या म्हनलं, बाई, खरं सांगू का, बसत्यात तिकडं, पर शेपूट आमच्या बाजूला असतंय. आढं एकच हाये. वानर निम्मं माझं.

बाई हसल्या. पटलं असनार. फुली नुस्ती वर बघत बसली.

जाताना बाईंनी बजावलं, वानरांना खायला घालू नका, जवळ येऊ देऊ नका. हे फुलीसाठी व्हतं. तिला कळायला पायजे.

८ फेब्रुवारी, शनिवार

मारुतीला तेल घातलं. म्हनलं, देवा, तुझीच लेकरं हायेत, दोन पावलं अलीकडं सरकव. एवढंच मागितलं. फुलीचं वाईट मागितलं न्हाई. म्हनजे मनात आलं व्हतं, पर तोंडानं म्हनले न्हाई.

सांजच्याला आमच्या बाजूच्या कौलांवर भुईमुगाच्या शेंगा टाकल्या. ह्याला खायला घालनं म्हनत न्हाईत. वाळत घातल्या.

१३ फेब्रुवारी

आली. आदी एक म्हातारं आलं, मंग पोटाला पिल्लू लावल्याली माय, मंग बाकीची. काळी तोंडं, मानसावानी मांडी घालून माझ्या कौलांवर. शेंगा सोलून टरफलं फुलीच्या अंगनात टाकत व्हती. म्या शिकवलं न्हवतं.

मालक म्हनाले, बियान्याच्या शेंगा व्हत्या त्या. म्या म्हनलं, विग्यानाला लागत्यात.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पिंजरा आमच्या अंगनात. आमच्या. बाईंनी सोता बघितलं, वानरं हिकडंच. ओट्यावर बसून च्या घेतला. कपबशीत दिला, लेकाच्या लग्नातली, तिला चीर गेल्याली हाये पर बाईंच्या बाजूला न्हवती. बाईंनी समजावून सांगितलं, पिंजऱ्यात केळी, वानर आत गेलं की दार पडतंय, मंग झोपेचं औषध, मांडीतनं रक्त, शेपटीला रंग, आन् परत रानात. मारत न्हाईत. म्या भिंतीकडं तोंड करून समदं मोठ्यानं परत बोलले, म्हनजे इसरायला नको.

पलीकडं फुली भाकरी थापत व्हती. थापायची थांबली. लई बरं वाटलं.

२० फेब्रुवारी

एकबी वानर आत जाईना. पिंजऱ्यावर बसत्यात, वाकून केळी बघत्यात, आन् जांभया देत्यात. बाई कोड्यात पडल्या. म्हनाल्या, असं कधी झालं नाही, यांना भूकच कशी नाही?

मालकांनी तोंड उघडलं तसं म्या त्यांना गोठ्यात पाठवलं.

वानरं लाजाळू असत्यात. नव्या जागी पटकन जेवत न्हाईत. म्या बी माहेराहून आले तवा तशीच व्हते. उद्यापास्नं शेंगा जरा जास्त टाकते, म्हनजे घरच्यावानी वाटंल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पिंजरा उचलून फुलीकडं नेला. भिंतीच्या पलीकडं. सकाळीच, म्या शेंगा टाकायच्या आदीच, वानर घावलं, तेच म्हातारं. फुलीनं केळ्याला हात लावला न्हाई का शेंग टाकली न्हाई, नुस्ती दार लावून घरात बसली. बाई म्हनाल्या, बघा, सांगितलेलं ऐकलं की काम कसं होतं.

शेपटीला लाल रंग लावून सोडलं. उठलं ते झोकांड्या खात आमच्या कौलांवर आलं, शेंगा मागायला. बाईंनी ते बघितलं. मंग माझ्याकडं बघितलं. म्या आकाशाकडं बघितलं.

फुलीनं च्या केला. तिच्याकडं कपबशा न्हाईत. माझ्याच मागून नेल्या.

७ एप्रिल, सोमवार

जीप परत आली. रिपोर्ट आला. वानरात काय न्हाई. गावात काय न्हाई. माझ्या रक्तात तर कायच न्हाई. तीनदा टोचून कायच न्हाई.

आन् फुलीच्या रक्तात निघालं.

बाई म्हनाल्या, भ्यायचं कारन न्हाई, जुनी निशानी हाये, कधी तरी कसला तरी ताप येऊन गेलाय, तो हाच का दुसरा ते अजून बघायचंय. फुलीला इचारलं, कधी आला व्हता? फुली म्हनाली, मला न्हाई ठाव, म्या शुद्धीत न्हवते. अक्काला ठाव हाये.

मंग मलाच सांगाया लागलं. पानशेत फुटलं त्या सालचा उन्हाळा. हिरडा येचून रानातनं आली आन् उंबऱ्यात पडली. अंग तव्यावानी. डोळं लाल. बडबड. समदी म्हनली ही जाती. म्या तिच्या कपाळावरचं फडकं वाळू दिलं न्हाई, चमच्यानं पेज घातली, तिचं तान्हं माझ्या कडेवर वाढवलं. शुद्धीवर आली तवा पहिलं काय बोलली, तर अक्का, पेजंत मीठ कमी व्हतं.

बाई भराभरा लिवून घेत व्हत्या. माझं बोलनं, फुलीच्या नावाखाली. म्या इचारलं, मंग माझ्या रक्तात का न्हाई निघालं? म्या तर तिच्या अंथरुनात निजत व्हते. बाई म्हनाल्या, असला ताप गोचिडीनं येतो आजी, माणसाला माणसाकडून नाही. बरं झालं की.

कशाचं बरं झालं.

फुली म्हनाली, बाई, लिवा, अक्कानं मला जगवली. हे बी तिनंच म्हनायचं. मला जागाच ठेवत न्हाई कुठं.

४ मे, रविवार

कमळी आली. पिशवी ठेवायच्या आदी इचारलं, आजी, वानराच्या डॉक्टरला पहिलं रक्त कुनी दिलं? म्या घसा साफ करतीय तवर मालक म्हनाले, फुलाआजीनं. पोरगी भिंतीपलीकडं.

थोड्या वेळानं फुलीनंच तिला हाताला धरून आनली. म्हनाली, तापाची खरी गोष्ट मला येत न्हाई, आजीकडनं ऐक. आन् सोता बी बसली ऐकायला.

आता रोज सांजच्याला तीच गोष्ट. म्या फडक्याचं आन् पेजंचं जरा वाढवून सांगती, तर कमळी म्हनती, ते राहू दे, फुलाआजी कशी बडबडत व्हती ते सांग. सांगती. गोष्ट म्या लई चांगली सांगती. फकस्त मधोमध फुली हाये.

जीप मार्गासनी गावाकडं गेली, आता यायची न्हाई. वानरं मातर रोज येत्यात, लाल शेपटीवालं म्होरं. शेंगा संपल्या ते त्यांना पटत न्हाई, रागानं कौलं उचलून टाकत्यात. मालक म्हनाले, पावसाच्या आत घर शाकारायला पायजे. फुलीची बाजू धड हाये.

म्या फुलीला अंगनात बोलावली. नीट सांगितलं, आढं एक, वानरं दोघींची, निम्मी कौलं तू घाल.

फुलीनं वर बघितलं. लई वेळ बघितलं. समदी माझ्या बाजूला बसल्याली.

म्हनाली, अक्का, शेपटं तेवढी माझ्याकडं हायेत. सांग, किती कौलं व्हतील?