साडेआठचं हसू

सातपूर, नाशिक
९ फेब्रुवारी २००२

प्रिय मनीषा,

प्रिय लिहिलं म्हणून पत्र फाडून टाकू नकोस. सून म्हणून घरात होतीस तेव्हा तुला कधी धड नावाने हाक मारली नाही, 'अगं ए'वरच भागवलं. तू मनमाडला माहेरी गेलीस त्याला वर्ष झालं आणि आता मला तुझं नाव घ्यावंसं वाटतंय. सृष्टी कशी आहे? दात पडायला लागले का तिचे? रवीने कोर्टात तिचा ताबा मागितलाय. नात परत यावी असं आजीला वाटायला हवं. मला वाटत नाही. तिने या घरात येऊ नये, तुझ्याजवळच राहावं.

टीव्ही अजून कपाटावरच आहे, मी लावत नाही. नवीन आणला तेव्हा साडेआठची ती हसायची मालिका आपण तिघी बघायचो. फुलबाजारात तीस वर्षं गजरे विकताना कानावर पडली तेवढीच माझी हिंदी. पण कुठे हसायचं ते कळायचं, कारण टीव्हीतली माणसं आधी हसायची. सृष्टी टीव्हीच्या मागे जाऊन बघायची, ती बसलीत कुठे म्हणून. रवीने सांगितलं, तिथे कुणी नसतं, हसू एकदा भरून ठेवतात आणि पाहिजे तिथे लावतात. मला ते खरं वाटेना. खोटं हसू इतकं मोकळं कसं असेल, म्हणून मी त्याच्याशी वाद घातला होता.

मग रवीच्या कारखान्यात कपात झाली, तो घरी बसला आणि भाजीतल्या मिठावरून त्याचा हात चालायला लागला. पहिल्यांदा मी मध्ये पडले, हे तुला आठवत असेल. दुसऱ्यांदा मात्र मी उठून टीव्हीचा आवाज वाढवला. पलीकडे वत्सलाबाई, भिंत एकच, आणि लोक काय म्हणतील याचा मला जन्मभराचा धसका. त्याने तुला आतल्या खोलीत ओढलं की मी बटण फिरवायची. पुढे पुढे तर तो ताटावरून उठला की माझा हात आपसूक बटणाकडे जायचा.

आता जे लिहिते ते तुला माहीत आहे, पण मी कधी कबूल केलं नाही. टीव्हीतलं हसू सलग नसतं. मध्ये थांबतं, माणसं बोलतात, आणि तेवढ्यात तुझा आवाज भिंतीपलीकडे जायचा. तेव्हा मी हसायची. मोठ्याने, टाळ्या वाजवून. सृष्टी माझ्या मांडीवर असायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची. एकदा तू ओठ पुसत बाहेर आलीस आणि नुसती माझ्यापुढे उभी राहिलीस. मी पदर सावरला आणि मालिका बघत बसले. पोरी, त्या दिवसाची मला इतकी लाज वाटते की आरशात बघवत नाही.

परवा वत्सलाबाईंनी रवीच्या बाजूने साक्ष दिली. तू आत होतीस, मी बाहेर बाकावर. परतताना रिक्षात त्यांनी मला हौसेने सगळं सांगितलं. म्हणाल्या, "म्या खरं तेच सांगितलं, कुसाबाई. त्या घरातून रडणं कधी ऐकलं नाय. लय हसतं घर हाय, सासू तर खळखळून हसायची." त्या खोटं बोलल्या नाहीत. जे ऐकलं तेच त्यांनी सांगितलं, आणि त्या ऐकण्यावर सृष्टी तुझ्या हातून जाईल. म्हणून हे पत्र. तुझ्या वकिलाला दाखव. पुढच्या तारखेला मी तुझ्याकडून साक्षीला उभी राहते. रवीला अजून सांगितलेलं नाही. त्याला कळलं की मला हे घर सोडावं लागेल, तेही धरून चालले आहे. माफी मागायला मला तोंड नाही. कोर्टात विचारतील, आजी, तुम्ही एवढ्या कशाला हसत होतात? मी सांगणार आहे, सून रडत होती म्हणून.

तुझीच म्हणवून घ्यायला लाजणारी,
कुसाबाई