खिडकीबाहेरची खुर्ची

बाबा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि मी इथे जपानमधल्या त्सुकुबात बसून तुमच्याच कामातलं काहीतरी करते आहे. आमच्या संस्थेत शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका जपानी साथरोग रुग्णालयाची रोजनिशी आली आहे. शेजारच्या टेबलावरच्या सत्तरीच्या बाई, ज्यांना मी मनात आजी म्हणते, जुनं हस्ताक्षर वाचतात आणि मी ते संगणकावर चढवते. रुग्णालय चालवणारे डॉक्टर सगळं लिहीत: कोळसा किती उरला, चादरी कुणी उकळल्या, कोणती परिचारिका आजारी पडली. मंगळवारी आजींनी वाचलं, आजारी मुलाजवळ आईला राहू द्यावं. मी खुशीत म्हटलं, "शहाणा माणूस होता." चाळीस वर्षांचं आपलं भांडण मी जिंकले होते.

तुम्ही ते विसरला असाल. घटसर्पाची ती चिमुरडी तुमच्या वॉर्डात होती आणि तिची आई पायरीशी उभी राहून विनवत होती, "डाक्टरसाहेब, मी पाय धुऊन येते ना." तुम्ही कागदावरून मान वर न करता सांगितलंत, "खिडकीशी खुर्ची द्या. चहा द्या. आत नाही." चहा मीच घेऊन जायची. काचेपलीकडून मुलगी हात हलवायची, आणि इकडे चहावर साय धरायची. बारा वर्षांची मी, तुमच्याशी अबोला धरला. मुलगी चौथ्या दिवशी गेली.

गुरुवारी आजींनी चार पानं पुढचं वाचलं. सोबत राहिलेल्या आयांपैकी दोघी हगवणीने गेल्या, त्यातल्या एकीच्या घरचं धाकटं मूलही. त्याखाली डॉक्टरांनी एवढंच लिहिलं आहे: परवानगी मी दिली होती. आजींनी विचारलं, "घेतलंत का टाइप करून?" मी हो म्हटलं. घेतलं नव्हतं.

कारण बाबा, तिसऱ्या दुपारी तुम्ही जेवायला बसलात तेव्हा मी खुंटीवरची किल्ली घेऊन वॉर्डाचं मागचं दार उघडलं होतं. त्या बाईने लेकीला मांडीवर घेतलं, तोंडावरून हात फिरवला. दहा मिनिटं असतील. मला आजवर त्याचा अभिमान होता. त्याच संध्याकाळी, मी बोलत नसतानाही, तुम्ही समजावायला आलात. "वाईट मलाही वाटतं गं. पण तिची आणखी तिघं आहेत घरी." त्या तिघांचं पुढे काय झालं, हे मी तुम्हाला कधीच विचारलं नाही. विचारलं असतं, तर का विचारते आहे ते तुम्ही लगेच ओळखलं असतं.