पंचाचा साळा

चिखली
४ सप्टेंबर १९६४

ती. सौ. जनकाअक्का हीस हिंमतचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

टोकियोचं ऑलिंपिक दहा ऑक्टोबरला सुरू होणार आणि इकडे तुझ्या भावाला झोप नाही. शाळेचा ड्रिल मास्तर म्हणून मुलांना माहिती द्यायचं काम माझ्याकडे आलं आणि मी सांगत सुटलो. एकमेकांवर तोफा डागलेले देश एका मैदानात ओळीनं चालणार! जुन्या ग्रीसमध्ये तर सामन्यांच्या दिवसांत वैर बाजूला ठेवत आणि खेळाडूला शत्रूच्या मुलखातून सुखरूप जाऊ देत. हे सांगताना माझा गळा भरून आला. मुलांना वाटलं, सर्दी झाली.

त्याच दिवशी आम्ही लोणारच्या मुलांशी हुतुतूचा शांतता सामना ठेवला आहे. गेल्या साली याच सामन्यात पंचाची टोपी विहिरीत गेली होती. यंदा तसं होऊ द्यायचं नाही.

पुष्पाच्या सोयरिकीचं काय झालं? घरातल्या लहानथोरांस, एक थोर सोडून, नमस्कार. तुझा लोभ आहेच, त्यात खंड नसावा.

तुझा हिंमत

धामणगाव बढे
११ सप्टेंबर १९६४

चि. हिंमतरावास जनकाचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र मोठ्यानं वाचलं, यांना ऐकू जावं म्हणून. सगळ्या जगाला एका मैदानात आणणारा माझा भाऊ माझा उंबरठा ओलांडत नाही, हे टोकियोवाल्यांना कोणी कळवलं का रे? आपल्या गावी पोळ्याच्या करीला हुतुतू झाला, नव्या जावयाला मोठ्या मानानं पंच केलं आणि यांनी तुझा दम तुटला म्हणून तुलाच बाद दिलं. तेव्हा पुष्पा पोटात होती. आता तिचं लग्न ठरलं, तरी तुमचा अबोला तसाच.

पत्र ऐकून हे म्हणाले, की त्या लोकाईची लढाई थांबे तं थांबे, पन बाद झालेला गडी उठून पुन्हा खेळे काय? तू बाद होतास असं कबूल केलंस तर लग्नाचं बोलावणं. तू म्हणतोस, पंचानंच चूक कबूल करावी. बसा दोघं अडून.

लग्न मार्गशीर्षात आहे. नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, आणि हे कुठलासा लांबचा चुलतमामा शोधताहेत. पुष्पा म्हणते, हिंमतमामा नाही तर मी बोहल्यावर चढत नाही. म्हणते हसून, पण काल चुलीपाशी रडत होती. मलाही राहवलं नाही.

तब्येतीला जप. बहिणीची माया पातळ झालेली नाही, एवढं ध्यानात असू दे.

जनका

चिखली
२३ सप्टेंबर १९६४

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

मोठ्या पेचात सापडलो आहे. सामन्याला पंच मिळेना. आम्ही सुचवलेला लोणारकरांना चालत नाही, कारण त्याची सासुरवाडी चिखलीची. त्यांनी सुचवलेला आम्हाला चालत नाही, कारण तो त्यांचाच. शेवटी त्यांचे किसनराव मास्तर म्हणाले, की धामणगावात रंगराव म्हणून एक गृहस्थ आहेत. त्यांनी सासुरवाडीत, सासऱ्याच्या डोळ्यांदेखत, सख्ख्या साळ्याला बाद दिलं होतं. असा माणूस कुणाची भीड धरायचा नाही. हेडमास्तरांनी लगेच मान डोलावली. तो साळा कोण, हे आमच्या साऱ्या शिक्षकांना ठाऊक. सगळे खिडकीबाहेर बघू लागले.

हेडमास्तरांचं बोलावणं वेगळं येईल. माझं नाव काढू नकोस. पण भाऊजी आले पाहिजेत, नाहीतर शांतता सामन्यात डोकी फुटतील. माया राहू दे, रागावू नकोस.

हिंमत

धामणगाव बढे
३ ऑक्टोबर १९६४

चि. हिंमतरावास अनेक आशीर्वाद.

हे येताहेत! नवी शिट्टी आणली आहे. सकाळपासून बैलांना, कोंबड्यांना आणि मला बाद देणं चाललं आहे. मात्र निकाल लागेपर्यंत तुझ्या घरी येणार नाहीत. पंचानं कोन्या पक्षाच्या घरचं पानी बी घेऊ नये म्हणतात, म्हणून पाण्याचा तांब्या घरूनच नेणार.

मला धास्ती वाटते. तू तिथे पुन्हा वाद घातलास तर पुष्पाच्या लग्नात मामा नाही, हे पक्कं समज. देवीपुढे हात जोडले आहेत. ती तरी कोणाच्या बाजूची आहे कोण जाणे.

वेडंवाकडं वागू नकोस, एवढंच मागणं.

जनका

चिखली
११ ऑक्टोबर १९६४

ती. सौ. अक्कास शि. सा. नमस्कार.

तिकडे टोकियोत ज्योत पेटली आणि इकडे आमचा सामना बरोबरीत आला. शेवटची चढाई आमच्या कर्णधाराची. रेघ वीतभर राहिली आणि शिट्टी वाजली. दम तुटला, बाद. आम्ही हरलो. आमची माणसं दोर ओलांडून भाऊजींच्या अंगावर धावली. मी कधी पुढे धावलो ते मलाच कळलं नाही. त्यांच्यापुढे हात पसरून ड्रिलच्या आवाजात ओरडलो, की पंचांनी बाद म्हटलं म्हणजे बाद, खबरदार कोणी पुढे याल तर!

माणसं थबकली. मग किसनराव मास्तर हसले, त्यांच्यामागे आमचे शिक्षक हसले आणि आपण काय बोलून बसलो ते मला उमगलं. मागे वळलो. भाऊजींचे डोळे भरले होते. श्वासागणिक तोंडातली शिट्टी बारीक बारीक वाजत होती.

निकालावर सही केली आणि मगच घरी येऊन पाणी प्यायले. जेवताना म्हणाले, की बाद तं तू होताच बे, पन तुले धराले पाच गडी लागले, हे बी मी इसरलो नाही. इतकी वर्षं हे काऊन नाही सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणतात, पंचाले कोनाची तारीफ करता येत नाही. मी उठून बाहेर गेलो. मला खरंच रडू आलं, अक्का.

पुष्पाला सांग, मामा लग्नाच्या आठ दिवस आधी येतो. तिच्या पाठीशी मीच उभा राहणार.

आणि मी बाद नव्हतो. पण हे लग्न पार पडेपर्यंत कोणाजवळ बोलू नकोस.

तुझ्या मायेचा हक्कदार,
हिंमत