अव्वाची माळ आणि सोन्याचं मिशीन

१२ फेब्रुवारी १९७३, सोमवार

सोनं हुडकायचं मिशीन येणार म्हणे! घ्या. प्यायला पाणी नाही, जनावरं छावणीत, आम्ही बाया दुष्काळी कामाच्या खडीवर — आणि गावात येणार काय, तर मिशीन.

बातमी आणली रामकिसननं. नळदुर्गच्या धाब्यावर भट्टीवर असतो तो. हैद्राबादच्या ट्रकवाल्यांकडून ऐकतो आणि इथं येऊन चौपट करून सांगतो. एक लांब दांडा, दांड्याला खाली ताटली, कानाला डबडं. ताटली जमिनीवरनं फिरवायची. खाली सोनं असलं की कानात कुंईऽऽ वाजतं. "लोखंडावर वाजत न्हाई, पितळावर वाजत न्हाई. फकस्त सोनं!" जसं काही ह्यानंच बनवलंय.

सगळ्या हातोड्या थांबल्या. मुकादम ओरडला. माझ्या शेजारी बसते ती द्वारकाबाई म्हणाली, "मल्लाक्का, पाणी हुडकायचं निघालं की सांग म्हणावं त्याला." लई हसलो. किती दिवसांनी हसले कोण जाणे.

१५ फेब्रुवारी

मिशीन आता मिलिटरीचं झालंय. परवापर्यंत हैद्राबादच्या एका साहेबाचं होतं.

१९ फेब्रुवारी

गावात ज्याच्या त्याच्या आजानं हंडा पुरलेला निघाला! रझाकारांच्या वक्ताला लोकांनी सोनं पुरलं हे खरं आहे, मी तेव्हा चांगली एकोणीस वर्षांची होते. पण इतकं? ज्यांच्या घरात तेव्हा धड तांब्या नव्हता त्यांचाही हंडा. एकानं तर कालपासून स्वतःच्याच घराचा ओटा पहारीनं उकरायला घेतलाय. मिशीन येऊन सगळ्यांदेखत वाजायच्या आधी आपलं आपण काढून घ्यावं म्हणून. ओटा गेला, हंडा नाही. बायको शिव्या घालतीय ती माझ्या खोलीपर्यंत ऐकू येतीय.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

सोसायटीत मीटिंग झाली. मी दाराशी बायांत बसले होते. माझा थोरला भाऊ कल्याणप्पा, आमचा अण्णा, चेअरमन आहे, नऊ वर्षं झाली. ठरलं असं की मिशीनवाल्याला सोसायटीनंच बोलवायचं, म्हणजे एकट्यादुकट्याला तो लुबाडणार नाही. अण्णानं उठून सांगितलं, "गावचं सोनं गावालाच!" टाळ्या पडल्या.

मग मागून कुणीतरी विचारलं, "पर मिशीन खरं का खोटं, कसं कळायचं?" दुसरा म्हणाला, मंगळसूत्र खाली ठेवून बघू. "व्हय, ते कुणालाबी जमंल! जिमिनीखालचं कळलं पायजे. चेअरमनच्या अव्वाच्या समाधीवर फिरवा की. तिथं पुतळ्यांची माळ हाय, समद्या गावानं बघितलंय. वाजलं तर मिशीन खरं. न्हाई वाजलं तर त्याला एस्टीत बसवा."

सगळ्यांना एकदम पटलं. उकरायचं नाही काही नाही, नुसतं वरनं फिरवायचं, मग काय हरकत! अण्णाचं तोंड पार उतरलं. आईच्या समाधीचं असं करतात म्हणून वाईट वाटलं असेल. मला काय वाटलं ते उद्या लिहीन. आज बोटं वळत नाहीत.

२३ फेब्रुवारी

मला आनंद झाला. लिहूनच टाकते, हे कोण वाचणार आहे!

अव्वा गेली त्याला येत्या श्रावणात बारा वर्षं होतील. आमच्यात जाळत नाहीत, मळ्यात बसवून पुरतात. अंगावर दागिना ठेवायची रीत नाही, गळ्यातलं लिंग तेवढं हातात देतात. पण अव्वाच्या गळ्यात पुतळ्यांची माळ असायची, सोन्याच्या एकवीस पुतळ्या, तिच्या आईकडून आलेली. मी लहान असल्यापासून म्हणायची, मल्ली, ही तुझी बरं का. माझ्या नवऱ्यानं उमरग्यात दुसरं घर केलं आणि मी ट्रंक घेऊन माहेरी आले, तेव्हाही पाठीवरून हात फिरवत हेच म्हणाली. शेवटच्या दिवशी मी नळदुर्गला औषध आणायला गेले होते. आले तर ती गेलेली. अण्णा रडत म्हणाला — अव्वाची शेवटची इच्छा, माळ माझ्यासंगं जाऊ दे.

आता मेलेल्या माणसाच्या इच्छेवर मी काय बोलणार? सगळ्या गावादेखत अण्णा खड्ड्यात उतरला, तिला कोनाड्यात बसवलं, माळ गळ्यात नीट केली. वर विभूती, बेल, मीठ, माती. गाव म्हणालं, लेक असावा तर असा. आईच्या गळ्यातलं ज्यानं काढलं नाही तो सोसायटीच्या तिजोरीला काय हात लावणार! तिथून तो चेअरमन झाला.

आणि मी? सहा महिने रडले आणि मग रडणं बंद केलं. मातीला दिली, मला नाही! एक पुतळीसुद्धा नाही! नवऱ्यानं टाकलेली लेक डोळ्यासमोर असून तिला माती जवळची वाटली. तेव्हापासून मी समाधीकडे फिरकले नाही. वैनी नैवेद्य घेऊन जातात, मी जात नाही. लोक म्हणतात मल्लम्मा लई कडक. असू दे.

तर मिशीन वाजू दे. माझं काय गेलं ते एकदा माझ्या कानानं ऐकायचंय.

१ मार्च

अण्णा आज माझ्या चुलीपाशी येऊन बसला! वर्षभरात पहिल्यांदा. चहा केला.

"मल्ली, तू लेक हाईस. तू म्हणलीस समाधीवर मिशीन नको, तर लोक ऐकतील."

म्हणलं, "अण्णा, तुम्ही चेअरमन. तुम्हीच म्हणा की."

"मी म्हणलं तर लोकांना वाटंल —"

मी म्हणलं, वाजू द्या हो. तिचं आहे, तिच्यापाशी आहे. कोण काढून नेतंय?

चहा तसाच ठेवून उठला. मला जरा वाईट वाटलं. माझा राग अव्वावर, आणि मी बोलले त्याला. आईवर त्याचा माझ्यापेक्षा जास्त जीव, असं गाव म्हणतं ते काही उगीच नाही.

५ मार्च

मिशीन १६ तारखेला, शुक्रवारी. रामकिसन स्वतः बघून आलाय म्हणे. ताटली नाही, परातीएवढं आहे.

९ मार्च

वैनींच्या हातात पाटल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "उन्हानं हात सुजतेत, काढून ठिवल्या." शांतम्मा वैनी कधी उन्हात जातात? त्यांच्या माहेरच्या पाटल्या आहेत त्या, झोपतानाही काढत नाहीत. डोळे लाल होते. नवराबायकोचं काहीतरी झालं असेल. मी कशाला मध्ये पडू.

१४ मार्च, बुधवार

आजचं आजच लिहिते.

कामावर हातोडी अंगठ्यावर बसली, नख काळंनिळं झालं. मुकादमानं घरी लावलं. भर दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नाही, सगळं गाव खडीवर. मळ्यातून जवळ पडतं म्हणून त्या वाटेनं आले. बघते तर समाधीच्या पायथ्याशी अण्णा! उकिडवा बसलेला, शेजारी पहार, कोपरापर्यंत हात मातीत.

चोरतोय! मिशीनच्या आधी माळ काढून घेतोय, आणि वर मला चहाला येऊन सांगतो लेक हाईस! ओरडत पळाले. त्यानं हात बाहेर ओढला. हातात फडक्याची पुरचुंडी. मी हिसकली, सोडली.

पुतळ्या नव्हत्या. वैनींच्या पाटल्या होत्या.

तो काढत नव्हता. घालत होता.

मला कळायलाच वेळ लागला. उन्हात त्या पाटल्या हातात घेऊन उभी होते नुसती. मग विचारलं, "माळ कुठंय?" तो वर बघेना. परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाला, "इंजिन."

१५ मार्च

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. काल आणखी काय काय बोलला ते सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

अव्वाला पुरताना वरनं गाव बघत होतं आणि हा खाली खड्ड्यात. विभूती टाकायच्या निमित्तानं वाकला, बेलाच्या पानांखालून माळ काढली आणि धोतराच्या सोग्यात खोचली. आईला शेवटचं मिठीत धरल्यासारखं दिसलं असेल वरनं! मला आठवतंय, बाया हुंदके देत होत्या. मीही देत होते. सोलापूरला नेऊन मोडली, आणि त्यात विहिरीवर इंजिन बसवलं. "त्या पाण्याचा भाजीपाला तूबी खाल्लास की, मल्ली." असं म्हणाला मला!

आता विहिरीच्या तळाला चिखलसुद्धा नाही. इंजिन गंजलंय, त्यावर कोंबड्या बसतात.

मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरेतुरे केलं. म्हणलं, तू मला फसवलंस ते सोड, मरणाऱ्या बाईची एक इच्छा, ती पण राखली नाहीस? तो रडायला लागला. त्याचं रडणं मला आता ओळखू येत नाही, खरं कुठलं आणि खोटं कुठलं.

पाटल्या वैनींना नेऊन दिल्या. त्यांनी घेतल्या, पण माझ्याकडं बघितलं नाही.

१६ मार्च, शुक्रवार

मिशीन आलं नाही.

सकाळपासून शंभरेक माणसं सोसायटीपुढं. एस्टी आली, पोतं घेऊन एक म्हातारा उतरला, लोक त्याच्याच अंगावर धावले! पोत्यात कडबा. दुपारी रामकिसन सांगत आला, मिशीन कर्नाटकात गेलंय, आता नवीन मॉडेल निघणार आहे, ते पुढच्या महिन्यात. "ह्ये जुनं हुतं, वाजत न्हवतं नीट." लोकांनी मान डोलावली आणि पांगले. अण्णा ओट्यावर उभा होता. बारा वर्षांनी मोकळा श्वास घेतला असेल त्यानं.

द्वारकाबाई म्हणाली, "मल्लाक्का, मिशीन आलं न्हाई तर तुझं तोंड का असं झालंय? तुझा बी हंडा हुता का काय?" मी म्हणलं, होता.

१९ मार्च

अण्णा आला होता. बाहेरच उभा राहिला. "झालं ते झालं. तू तोंड उघडलंस तर मला गावात तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई." मग जाता जाता — "अन् तुझी खोली बी माझ्याच वाड्यात हाय, मल्ली."

म्हणजे धमकी! सख्खा भाऊ. लहानपणी ह्याच्या खांद्यावर बसून मी खंडोबाची जत्रा बघितली.

सांगू का गावाला? समाधीपाशी उभं राहून ओरडावंसं वाटतं. आणि सांगून काय होईल? तो खुर्चीवरनं जाईल, मी खोलीतनं जाईन, माळ तर येत नाही. विचार करून डोकं फुटायची वेळ आलीय.

आणि एक घाण विचार आला, तोही लिहिते. अव्वानं माळ मला दिली नाही, आणि तिलाही ती मिळाली नाही. बरी जिरली! असं मनात म्हणलं, आणि हसलेसुद्धा. नंतर हे पान फाडून टाकावंसं वाटलं. फाडलं नाही. तिनं मला मातीपेक्षा कमी धरलं ते काही खोटं नाही.

२१ मार्च

खडीवर गेले. अंगठा बांधून, एका हातानं. कुणाशी बोलले नाही.

२५ मार्च, रविवार

दुपारी वैनी आल्या. दार आतून लावून घेतलं आणि खालीच बसल्या. म्हणाल्या, "मल्लम्मा, अव्वा गेल्या त्या दिशी खोलीत मी हुते. माळ जिमिनीत घाला म्हणून त्या कायबी बोलल्या न्हाईत. सोताच्या हातानं माळ काढली अन् माझ्या वटीत टाकली. म्हणल्या, मल्ली औषध घेऊन आली की तिच्या गळ्यात घाल. ह्यांनी माझ्याकडनं घेतली. ती इच्छा-बिच्छा ह्यांचीच. बारा वर्सं तुमच्याकडं बघायला भ्याले मी."

त्या गेल्या. मी तशीच उठून समाधीवर गेले. अव्वाची माफी मागायची होती. तिथं बसले आणि तोंडातून निघालं ते एवढंच — अव्वा, खडी फोडून माझे हात गेले गं.