चुलीमागच्या झाडाचा सातवा क्रमांक

मी, वेइ शुचिन, वय वर्षे एकोणऐंशी, कै. को वनशेंग यांची पत्नी, राहणार पिंगशी गाव, फंगह्वांग डोंगर, ग्वांगदोंग प्रांत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्याच चहाच्या टेबलावर बसून लिहीत आहे. मला कोणी हे लिहायला लावलेले नाही आणि काय लिहावे हे सांगितलेले नाही. गुडघे गेले, डावा कान गेला. नाक, जीभ आणि डोके अजून कामावर येतात. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही आणि पुन्हा करण्याची ताकद उरेल असे वाटत नाही, म्हणून सगळे यातच लिहिते.

१. माझे दुमजली घर, मागची चहा पसरायची गच्ची आणि भाजणीची खोली मुलगा को झेनहाय याला मिळावी. भाजणीच्या खोलीत त्याने मोटरसायकल ठेवू नये. पेट्रोलचा वास भिंतीत बसतो आणि भिंतीतून चहात उतरतो. हे मी त्याला वीस वर्षे सांगत आले. आता लिहूनही ठेवते.

२. बँकेत जे आहे तेही झेनहायचे. त्यातून माझ्या अंत्यविधीला वाजंत्री आणू नये. मला शांतता हवी आहे, आणि ती जिवंतपणी फारशी मिळालेली नाही.

३. उतारावरच्या एकतीस झाडांचा करार घराण्याच्या नावे चालू आहे, तो झेनहायने चालवावा. प्रत्येक झाडाची पाने वेगळी तोडावीत, वेगळी भाजावीत. घाईच्या वर्षी दोन झाडे एकत्र करण्याचा मोह होतो. करू नये.

४. चहा जोखण्याचे माझे सामान, म्हणजे झाकणाचे दहा पांढरे कप, चिनीमातीचे चमचे, मातीची शेगडी, किटली आणि प्यायच्या तीन वाट्या, नात को याओयिंग हिला द्यावे. माणसे कितीही असली तरी वाट्या तीनच ठेवाव्यात. ज्याची पाळी नाही त्याने थांबावे. थांबलेला माणूस चहाबद्दल कमी बोलतो.

याओयिंग शहरात फळांच्या चहाच्या दुकानात काम करते. दर महिन्याला ती मला नव्या चवींच्या पुड्या पाठवते आणि रविवारी फोन करते.

"आजी, पीचचा कसा वाटला?"

"पीच छान होता."

"आणि चहा?"

"चहा पण पाठवला होतास का?"

ती इतकी हसते की दुकानाची मालकीण ओरडते. पण तिने पाठवलेली प्रत्येक पुडी मी याच कपांत, याच पाण्यात, गावच्या चहाइतक्याच गंभीरपणे जोखली आहे. सुकवलेल्या संत्र्याच्या सालीत भरलेला काळा चहा चांगला होता, हे इथे नोंदवते. गुलाबाचा वाईट नव्हता. दुधाच्या वासाचा शेळीलाही देऊ नये. हे सगळे मी एका निळ्या वहीत लिहिले आहे, ती वहीही तिलाच द्यावी.

५. शेजारी चेन पाओलाय याच्याविषयी. पस्तीस वर्षे, वसंतातली भाजणी आटोपली की गावातले लोक आपापला चहा बिननावाच्या पुडीत घालून माझ्याकडे आणत. शाळेतल्या लिन बाई कपांच्या तळाला आकडे चिकटवत. मी झाकणे हुंगायची, त्याच पानांवर तीनदा उकळते पाणी ओतून तिन्ही पाणी प्यायची आणि कप ओळीने लावायची. जो पहिला येई त्याला खालच्या गावचे व्यापारी शोधत येत. याबद्दल मी कोणाकडून काही घेतले नाही, पुड्यांत उरलेला चहा तेवढा माझा. एका वर्षी पाओलायने पानांवर बाटलीतले अत्तर शिंपडून आणले. मी तो कप सगळ्यांसमोर खिडकीतून ओतला. तेव्हापासून तो मला पाण्यात पाहतो. लिन बाईंचे म्हणणे, निदान मृत्युपत्रात तरी त्याला माफ करावे. मी विचार करते आहे. अंत्यविधीला त्याला चहा द्यावा. त्याने आणलेला मात्र कोणाला देऊ नये.

६. माझा धाकटा भाऊ वेइ मूशान, वय चौऱ्याहत्तर, याला मी काहीही ठेवत नाही. हे रागाने लिहिलेले नाही. कारण पुढे देते, आणि हे मृत्युपत्र खरे तर तेवढ्यासाठीच लिहिले आहे.

माझ्या माहेरी स्वयंपाकघरामागे चहाचे एक झाड होते. पणजोबांच्या आधीचे. आम्ही त्याला चुलीमागचे झाड म्हणायचो. आई तोडणीच्या दिवसांत मला त्याच्या फांदीला बांधलेल्या झोळीत निजवायची. वडिलांनंतर ते मूशानकडे गेले, मुलींकडे झाडे जात नाहीत. अकरा वर्षांपूर्वीच्या वसंतात आठ पुड्या आल्या होत्या. टेबलाभोवती पंधरा-सोळा माणसे होती आणि दोन व्यापारीही आले होते. मी पहिले झाकण उचलायच्या आधीच पाओलाय मोठ्याने म्हणाला, "लावता का पैज? आज वहिनींच्या माहेरचा चहा पहिला येणार!"

सगळे हसले. मूशानही हसला.

तिसरे झाकण उचलले आणि मला ते झाड कळले. न कळणे शक्यच नव्हते. कोणाचा चहा आहे हे ठाऊक नसताना जोखायचे, हा माझा नियम. आणि मला ठाऊक होते. मी कप खाली ठेवून "हा माझ्या भावाचा आहे, याला बाजूला ठेवा" असे म्हणायला हवे होते. ते म्हटले नाही. मी तो सातवा लावला. निःपक्षपाती दिसावे म्हणून दोन वेळा हुंगला आणि तोंडही जरा वाकडे केले.

मूशान माझ्यावर रागावला असता तर बरे झाले असते. तो संध्याकाळी संत्री घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, बरं झालं खरं कळलं. बाबांच्या मायेपोटी मी उगाच ते म्हातारं झाड धरून बसलो होतो." दुसऱ्या वर्षी त्याने ते गुडघ्याएवढे ठेवून कापले आणि त्यावर त्या दिवसांत खपणाऱ्या 'बदकाची शीट' या जातीचे कलम बांधले. नाव तसे असले तरी वास चांगला असतो. त्याची कमाई झाली. झाड गेले.

पुष्कळ वर्षे मी स्वतःला सांगितले की त्या वर्षी तो चहा थोडा कडक भाजला गेला होता. पुडीत उरलेला मी डबीत बंद करून ठेवला होता. मागच्या महिन्यात डबी उघडली, शेगडी पेटवली आणि एकटीने तीन पाणी प्यायले. त्या वर्षी खरा पहिला तोच होता. दुसऱ्यात आणि त्याच्यात बरेच अंतर होते.

मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, असा कायदा आहे. मूशानला काही न ठेवण्याचे कारण हे. मी त्यालाच साक्षीदार करत आहे. सही करण्याआधी त्याने हे सगळे वाचावे आणि वाचताना मी समोर बसलेली असावी. माझ्या माघारी कोणी त्याला वाचून दाखवले असते तर मला सोपे गेले असते. ते मला करायचे नाही.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी चारनंतर. लिन बाई साक्षीला येऊन बसल्या होत्या. मूशान आला. त्याने सहावा मुद्दा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"सातवा?" तो म्हणाला. "अगं, तिसरा दिला असतास तरी कापलं नसतं मी."

"तिसऱ्यालाही पाओलाय हसला असता."

"मग हसू द्यायचं होतं!" त्याने टेबलावर हात आपटला. "करवत मी लावली, ताई. पोराला हात लावू दिला नाही. अख्खा दिवस गेला. आणि तू तिथे उभी राहून मला पाणी देत होतीस."

"हो."

"तेव्हाही बोलली नाहीस."

"नाही बोलले."

लिन बाई उठू लागल्या. "बसा हो बाई," तो त्यांच्यावरच खेकसला, "तुमची पण सही आहे ना?"

मग शेगडीवरच्या किटलीतले पाणी उकळून उकळून खाली गेले. शेवटी त्यानेच उठून किटलीत पाणी घातले, चहा केला आणि पहिली वाटी लिन बाईंपुढे सरकवली.

"कलमाच्या खालून जुन्या झाडाचे फुटवे येतात," तो वाटीकडे बघत म्हणाला. "दर वर्षी खुडावे लागतात, नाहीतर कलम मरतं. आठ वर्षांपूर्वी एक खुडला नाही. आता माझ्या खांद्याला लागतो."

"का नाही खुडलास?"

"जीभ मलाही आहे की! तुझ्याएवढी नसेल."

"मला कधी बोलला नाहीस."

"कसं बोलणार? शुचिनचा निकाल सख्ख्या भावालाच पटला नाही, अशी गावभर बोंब झाली असती. तुझ्याकडे परत कोण आलं असतं पुड्या घेऊन?"

मी त्याला माफ केलेस का असे विचारले नाही. त्यानेही तो विषय काढला नाही. मात्र सही करायला तो तयार होईना.

"या वसंतात त्या फुटव्याची एक पुडी निघेल. इतर सात मी गोळा करतो, पाओलायचीही आणतो. माणसं बोलवतो. त्या दिवशी जे करायला हवं होतंस ते सगळ्यांसमोर कर. मग सही."

"साक्षीदाराची सही मृत्युपत्राच्या दिवशीच लागते, मूशान," लिन बाई म्हणाल्या.

"मग तिच्याकडून लेखी घ्या."

म्हणून सातवा मुद्दा लिहिते.

७. येत्या वसंतात आठ पुड्या टेबलावर आल्यावर चुलीमागच्या झाडाची पुडी कोणती ते मी झाकण उचलताच उघड सांगेन आणि ती बाजूला ठेवेन. ती लिन बाई आणि झेनहाय जोखतील. अकरा वर्षांपूर्वी मी काय केले तेही मीच, पाओलायच्या देखत, सांगेन. तोडणीला अजून चार महिने आहेत आणि त्यानंतर चहा मुरायला पंधरा दिवस लागतात. मी फार थकले आहे. तरी तोवर हे मृत्युपत्र अंमलात आणण्याची वेळ येऊ नये, याची मी माझ्याकडून होईल तेवढी काळजी घेईन.

वेइ शुचिन (सही)

साक्षीदार:
१. लिन येछिंग, निवृत्त शिक्षिका, पिंगशी गाव (सही)
२. वेइ मूशान, शेतकरी. सातवा मुद्दा वाचून मगच सही केली. (सही)

स्थळ: पिंगशी गाव
दिनांक: १४ डिसेंबर २०२४