वहिनींची गाडी ओढत नाही

९ ऑक्टोबर, गुरुवार
सकाळी गॅरेज उघडतोय तोच सुनंदावहिनी दारात. माझ्या मित्राची, सदाची बायको. सदा जाऊन दोन वर्षं झाली, त्याची गाडी आता वहिनीच चालवतात. परळच्या हॉस्पिटलातून सुटलेले पेशंट कोकणात गावी पोचवायचे, हे काम. परवा भोस्ते घाटात गाडीने मान टाकली. मागच्या सीटवर ऑपरेशन झालेली म्हातारी आडवी, मागून ट्रकवाले बोंबलतायत आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्येही चढेना. म्हातारीचा मुलगा म्हणाला, "मावशी, मी घेऊ का?" दिली नाही. रांगत रांगत वर नेली. हे सांगताना वहिनी माझ्याकडे बघत नव्हत्या.
इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचं प्रेशर कमी पडतंय हे उघड आहे. का, ते शोधायचं. आज अंगात त्राण नाही. गुडघा.

१० ऑक्टो., शुक्र.
स्कॅनर लावला. एक कोड साठलेला, प्रेशर कमीचाच. पुसला. गाडी जागेवर रेस केली, सगळे आकडे बरोबर. कोड परत आला नाही.
व्हॅक्यूमची बारीक नळी उंदरांनी कुरतडलेली. चिंचपोकळीचे उंदीर आपल्या आधी बॉनेट उघडतात. नळी बदलली. म्हटलं झालं काम, सुटलो.

१३ ऑक्टो., सोम.
सुटलो कसला. काल वहिनी माणगावपर्यंत जाऊन आल्या, चढ लागला की तेच.
आज सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. एक बुडबुडा नाही. म्हणजे हवा गळत नाही. हातपंपाने ॲक्च्युएटर ओढून पाहिला, दांडी व्यवस्थित सरकते. टर्बोचा पंखा बोटाने फिरवला, मोकळा. सेन्सर काढून पुसला. दसऱ्याच्या सुमारास मीच घातलेला हवेचा मोठा पाईप, त्याचे क्लॅम्प घट्ट. माझंच काम, ते बघायची तशी गरजही नव्हती.
दिवाळी तोंडावर. गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नाही, प्रत्येकाला गावी जायचंय. बी.पी.ची गोळी दुपारी आठवली.

१८ ऑक्टो., शनि.
वहिनींना चालवायला लावलं, मी बाजूला स्कॅनर मांडीवर घेऊन. लालबागच्या पुलावरून दोन फेऱ्या. आकडे बरोबर. वहिनी गिअर लवकर टाकतात आणि पाय जपून देतात. सदा तिसऱ्यात चांगला ताणायचा, मग चौथा.
म्हणालो, "वहिनी, दोष गाडीत नाही, हातात आहे."
त्या म्हणाल्या, "असेल भाऊजी." गाडी नीट लावली, चावी घेतली, गेल्या. चहा घेतला नाही.
बरोबरच बोललो. आठ दिवस त्या गाडीखाली घालवलेत. बाहेर तीन गाड्या खोळंबल्या होत्या.

२५ ऑक्टो., शनि.
वहिनी फराळ घेऊन आल्या. चकली छान. माझ्या बायकोशी, रेखाशी बोलत बसल्या, माझ्याशी जेवढ्यास तेवढं. खारेपाटणची फेरी सोडली म्हणाल्या. "वाटेत काही झालं तर? पेशंट असतो मागे." गाडी विकणार आहेत. गिऱ्हाईक लागलंय. पुढच्या बंपरचा चरा तेवढा रंगवून द्या म्हणाल्या.
सदाने ती गाडी किती जपली. बायकोला चालवायला शिकवली ते आजार कळल्यावर, भोईवाड्याच्या गल्लीत, उशीला टेकून बसून. मला वाईट वाटलं. वाटून काय होतंय.

३ नोव्हेंबर, सोम.
काय लिहू.
रंगवायला बंपर काढला. टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर समोर उघडा पडला, म्हणून हात फिरवला. खालच्या बाजूचा पाईप सोडवला. आत कापड. पकडीने ओढलं, येईना, मग आलं. तेलाने काळं झालेलं, जाळीवर थापून बसलेलं, हातभर लांब.
माझा फडका.
गळते कुठे, गळते कुठे म्हणून साबण मारत बसलो. हवा गळत नव्हतीच, अडत होती. आणि पुलावरच्या फेऱ्या! गाडीने जोर मागितलाच नाही, तर कमी पडतोय हे कळणार कसं? घाटात न्यायला हवी होती. शिकाऊ पोरालाही कळतं हे. मला दुपार मोडायची नव्हती.

४ नोव्हें., मंगळ.
कसं झालं ते आठवलं. जुना पाईप काढला तो खंडेनवमीला सकाळी. नवीन बसवणार तोच रेखा ताट घेऊन आली, हत्यारं पुजायची वेळ झाली म्हणून. पाने-पकडी धुऊन पाटावर मांडायच्या, त्यावर झेंडू, मग दसरा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. वडील मिलमध्ये हेच करायचे, कापड विणायचा साचा बंद म्हणजे बंद. उघड्या तोंडातून काही आत जाऊ नये म्हणून मी फडका कोंबला. शुक्रवारी आलो, नवा पाईप चढवला, क्लॅम्प आवळले. त्यात फडका. पाटावर हत्यारांच्या शेजारी माझं डोकंही ठेवायला हवं होतं.
रेखाने फडका धुऊन पाहिला. तिच्याच जुन्या गाऊनचा तुकडा. म्हणाली, "आता तिका सांगतलात मां?"
बंपर वाळला की, म्हणालो.

५ नोव्हें., बुध.
बंपर वाळला.
गाडी एकट्याने फ्रीवेवर नेली. पाय दिला तशी सुटली. सदा होता तेव्हा पळायची तशी. मला रडू येईल असं वाटलं, आलं नाही.
नाही सांगितलं तर? गाडी ठणठणीत जाईल, गिऱ्हाईक खूश. कुणालाही कळणार नाही. वहिनी मात्र जन्मभर धरून चालतील की आपल्याला जमलं नाही.
गेलो नाही आज. एकसष्ट वर्षांचा माणूस, चाळीचे दोन जिने चढायला घाबरतोय.

७ नोव्हें., शुक्र.
गेलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. उभ्यानेच सगळं सांगितलं, खंडेनवमीसकट. फडका माझा, चूक माझी, तुमच्या हातात काही दोष नव्हता.
ताट खाली ठेवलं त्यांनी. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
मग म्हणाल्या, "रविवारी घाटात जाऊ. तुम्ही बाजूला बसायचं. एक शब्द बोलायचा नाही."

९ नोव्हें., रवि.
सकाळी सहाला निघालो. खंडाळ्याचा जुना घाट. वहिनींनी गिअर त्यांच्या पद्धतीनेच टाकले, लवकर. गाडी हूं की चूं न करता चढली. अवघड वळणावर एक टँकर थांबलेला, त्यालाही शांतपणे वळसा घालून काढली. मी तोंड उघडलं नाही. उघडून बोलणार काय होतो? सदापेक्षा चांगली चालवतात. हे मला आज दिसलं, कारण आज मी स्कॅनरकडे न बघता त्यांच्याकडे बघत होतो.
वर गाडी बाजूला लावली. बाटलीतून पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "तीन आठवडे मी खाटेवर बसून गिअर टाकत होते, भाऊजी. हवेत. पाय जमिनीवर दाबत. कुठे चुकतंय ते सापडेना."
मी माफी मागितली. परत मागितली.
उतरताना विचारलं त्यांनी, "हातात दोष आहे म्हणालात, तेव्हा तुम्हाला तसं खरंच वाटत होतं, की दमला होतात?"
"दमलो होतो."
"आणि मी ते खरं धरलं. ह्यांचे मित्र म्हणून."
चिंचपोकळीपर्यंत त्यांनीच चालवली. गॅरेजपाशी उतरलो, आत चहाला बोलावलं. म्हणाल्या, उशीर होतोय.
उद्या दहा वाजता गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार आहे. देणार की नाही, त्या बोलल्या नाहीत. विचारायचं माझं तोंड नव्हतं.